आज बोलावणं आलं तर?

दहा-बारा माणसांना दर आठवड्याला एकत्र बसवा आणि फक्त मरणावर बोलायला सांगा. सहा महिन्यांत हसण्याचा एवढा साठा होईल की ठेवायला जागा पुरणार नाही. असं का होतं ते मला विचारू नका. आमच्या घरात गेली अकरा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता हेच चाललंय आणि माझ्याकडे किस्से इतके साचलेत की कुठल्या लग्नाला गेले, तर लोक बसायला खुर्ची द्यायच्या आधी विचारतात, "काय गं सुनीता, तुमच्या त्या तयारीवाल्यांचं नवीन काय?"

तयारीवाले म्हणजे आमची प्रार्थनेची संगती. चारकोपला आमचं एक छोटं मराठी चर्च आहे, त्यातली ही माणसं. जमतात आमच्याकडे, सहाव्या मजल्यावर, कारण आमचा हॉल मोठा आहे आणि माझ्या नवऱ्याला, दाविदला, नाही म्हणता येत नाही. मी मालाडच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळते. दिवसभर मुलांना गप्प बसा सांगते आणि गुरुवारी घरी येऊन मोठ्यांना.

आमचा विश्वास असा, की एक दिवस प्रत्येकाला देवापुढे उभं राहायचंय. तिथे न्याय होईल, आणि पुढे जे मिळेल ते कायमचं. तो दिवस कधी येईल ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून माणसानं रोज तयार असावं. आता हे जगातले सगळेच ख्रिस्ती मानतात. पण बाकीचे मानतात आणि जेवायला बसतात. आमच्याकडे शमुवेल काका आहेत.

* * *

शमुवेल काकांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. रिटायर झाले तरी कोणाच्या बिल्डिंगमध्ये शिरले की आधी लिफ्टचा आवाज ऐकतात, मग यजमानाला सलाम करतात. त्यांचं एक लाडकं वाक्य आहे, "लिफ्ट पडायच्या दिवशी बिघडत नाही. आधीच बिघडलेली असते. कोणी बघितलेलं नसतं, एवढंच."

माणसाच्या आत्म्याचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. म्हणून संगतीत त्यांनी तपासणी सुरू केली. गाणं झालं, प्रार्थना झाली, की काका गोल बसलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारणार, "आज बोलावणं आलं तर?" आपण 'तयार' म्हणायचं. नाहीतर काय बाकी आहे ते सांगायचं. कोणाशी अबोला, कोणाची मागायची राहिलेली माफी, कोणाला मारलेली थाप. पाळकांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, हे शिकवलेलं नाही, शास्त्रात अशी पद्धत कुठे दिलेली नाही. ही सगळी लिफ्ट कंपनीची देणगी.

पहिल्याच गुरुवारी दाविदवर पाळी आली. तो म्हणाला, "तयार. फक्त गॅसचा नंबर लावायचा राहिलाय."

"मग तयार नाही."

"अहो काका, मी गेल्यावर हिला सिलिंडर नको?"

काकांनी खरंच विचार केला. अर्धं मिनिट तरी केला. मग म्हणाले, "ते आपण प्रेमात धरू. पुढे."

कॉलेजातल्या एका मुलीनं एकदा भाबडेपणानं सांगून टाकलं, की क्लासला जाते म्हणून सांगते आणि मालाडला मॉलमध्ये फिरते. तिची आई शेजारीच बसली होती. त्या दिवशीची प्रार्थना आम्हाला जरा आटोपती घ्यावी लागली.

* * *

काकांचा सगळ्यात जवळचा मित्र योहान. लहानपणापासूनचा. हा मनुष्य चर्चला नाताळात यायचा, ईस्टरला यायचा, आणि जेवण असेल त्या दिवशी यायचा. बाकीचे रविवार गळ घेऊन मार्वेच्या खाडीवर. बायको एस्तेर मावशी एकटी चर्चला येऊन बसायची आणि घरी गेल्यावर त्यानं आणलेले मासे साफ करायची. भांडायची नाही. म्हणायची, "देवाला माहितीय तो कुठे बसलाय."

काका मात्र स्वस्थ बसायचे नाहीत. दर रविवारी उपासना सुटली की थेट खाडीवर जायचे आणि धक्क्यावर योहानच्या मागे उभे राहून विचारायचे, "योहान, आज बोलावणं आलं तर?"

योहान मागे वळूनसुद्धा बघायचा नाही. एकदा म्हणाला, "गळाला लागलंय काहीतरी. पाच मिनिटं थांबायला सांग त्याला."

आणि एका रविवारी खरंच बोलावणं आलं. सकाळी, घरातच, चहा पिता पिता गेला. हार्ट. एस्तेर मावशी स्वतः नर्स, म्युनिसिपल हॉस्पिटलात तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली. पण तिलाही काही करता आलं नाही.

मातीच्या वेळी पाळक म्हणाले, मित्राच्या नात्यानं शमुवेलभाऊंनी दोन शब्द बोलावेत. काका उभे राहिले. रडत होते. म्हणाले, योहान माणूस सोन्यासारखा होता, कोणाचं वाईट केलं नाही, हातचं खायला द्यायचा. इथवर सगळं ठीक होतं. मग थांबले, आणि म्हणाले, "पण तो तयार होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. मला तपासू दिलं नाही त्यानं."

चौतीस वर्षं ज्या माणसानं न बघता कधी एका कागदावर सही केली नाही, त्याला मित्राच्या पेटीसमोरसुद्धा ती करता आली नाही. मला आज ते समजतं. त्या दिवशी मात्र आम्हाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एस्तेर मावशी वळली. रडणं थांबवलं, पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भावजी, तुम्ही लिफ्टच तपासा."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. नऊ वर्षं.

* * *

आता इथे खरी पंचाईत सुरू होते. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एवढासा पेला. सांगायला छोटं, पण आमच्या श्रद्धेत याहून मोठं काही नाही. आणि त्याचा नियम असा, की कोणाबद्दल मनात काही असेल तर आधी जाऊन ते मिटवायचं, मग यायचं.

बहुतेक लोक हा नियम ऐकतात, मान हलवतात आणि घेतात. एस्तेर मावशी घेत नाही. तिच्या मनात शमुवेल काकांबद्दल आहे, आणि आहे ते नाही म्हणायचा तिचा स्वभाव नाही. काकाही घेत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कोणाच्या तरी मनात आहे. दोघंही चर्चमधले सगळ्यात नियमाचे पक्के. त्यामुळे अख्खं चर्च घेतं आणि हे दोघं उपाशी.

त्यात आमच्या जागा ठरलेल्या. काका, त्यांच्या शेजारी पूर्वी योहानची जागा, तो क्वचित यायचा तरी, मग मावशी, मग मी. योहान गेल्यावर मधली जागा कोणी घेतली नाही. भाकरीचं ताट येतं, काका ते रिकाम्या जागेवरून हात लांब करून मावशीकडे देतात, मावशी माझ्याकडे देते. महिन्यातून एकदा, तेवढाच त्यांचा व्यवहार.

गुरुवारी मावशी यायची मात्र नेमानं. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. तपासणीत तिच्यावर पाळी आली की ती छताकडे बघून म्हणायची, "एक बाकी आहे." काका म्हणायचे, "एक बाकी. पुढे." सगळ्यांचं झालं की शेवटी स्वतःचं सांगायचे, "माझीही एक बाकी." मग आम्ही चहा प्यायचो.

एकमेकांशी बोलायचं झालं तर मध्ये मी. "सुनीता, त्यांना सांग खिडकी लावा, वारा लागतोय." "सुनीता, वहिनींना सांग, खिडकीची कडी तुटलीय." दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर. एकदा मी किचनमध्ये होते, तर दोघंही मी येईपर्यंत गप्प बसून राहिले आणि खिडकीतून पाऊस आत येऊन माझा सोफा भिजला.

मी दोघांनाही एकेकटं गाठून विचारलं होतं. काका म्हणाले, "मी खोटं बोललो का? नाही ना? मग माफी कशाची मागू?" मावशी म्हणाली, "माफ करायला मी कधीची बसलीये. मागू दे ना आधी." हसायला येतं खरं. पण या दोघांना मनापासून वाटतं की बोलावणं कोणत्याही क्षणी येईल, आणि हे एक बाकी असताना आलं तर आपण तयार नाही. काकांना अठ्ठ्याहत्तर चालू, मावशीला चौऱ्याहत्तर. मला कधीकधी त्या ताटाकडे बघवायचं नाही.

* * *

या काळात काकांची बाकीची तयारी मात्र जोरात होती. त्यांनी पेटीत घालून जायला एक सूट शिवून घेतला होता. नेव्ही ब्लू, दोन बटणांचा. पण माणूस जिवंत असला की पोट बदलतं. म्हणून दरवर्षी नाताळच्या आधी काका तो सूट घेऊन मालाडला टेलरकडे जायचे आणि सैल नाहीतर घट्ट करून आणायचे.

एका वर्षी मी सोबत होते. दुकानात नवा टेलर होता. त्यानं माप घेतलं आणि विचारलं, "काका, फंक्शन कधी आहे?"

"तारीख अजून आली नाही."

"मग एवढी घाई कशाला करता? तारीख आली की या. तोवर पोट परत बदलेल."

काका शांतपणे म्हणाले, "तारीख आली की मला यायला जमणार नाही."

टेलर हो हो म्हणाला. मग टेप गळ्यात अडकवून माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? मी म्हटलं, "हाताला बटणं घट्ट लावा, काका फार हात करून बोलतात."

* * *

एकदा मात्र वाटलं, आता मिटलं.

आम्ही मानतो की प्रभू परत येईल तेव्हा आकाशातून कर्ण्याचा आवाज होईल. त्या गुरुवारी दाविद प्रार्थना करत होता, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि अचानक लाइट गेले. पाठोपाठ कर्णा. साधासुधा नाही, अंगावर काटा येईल असा लांबलचक, एकच सूर. खिडकीची काच थरथरली.

दाविदची प्रार्थना अर्ध्यावर थांबली. कोणी हलेना. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या एक बाई हळूच वाकून चपला शोधायला लागल्या. काका अंधारात म्हणाले, "चपला लागत नाहीत तिथे."

त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मोबाइलच्या उजेडात मी बघितलं, काका उभे राहिलेत, ताठ, हात बाजूला. आणि ते आकाशाकडे बघत नव्हते. एस्तेर मावशीकडे बघत होते. मावशी त्यांच्याकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांची नजर सरळ भिडली असेल. काकांचे ओठ हलले.

"वहिनी..."

आणि तेवढ्यात खालचा कर्णा तो लांब सूर सोडून वरातीतल्या नाचाच्या चालीवर घसरला. मागून ढोल आला. नाक्यावर नव्या साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं, बँडवाले वाद्यं तपासत होते.

काकांनी तोंड मिटलं आणि खाली बसले. मावशीनं पदर सारखा केला. लाइट आले. दाविदनं जिथे सोडली होती तिथून प्रार्थना पूर्ण केली. त्या बँडवाल्यांनी आणखी पाच सेकंद तो सूर धरला असता तर माझं निम्मं काम झालं असतं. त्या दुकानातून मी अजून साडी घेतलेली नाही.

तपासणीत कोणीतरी काकांना विचारायची हिंमत केली, "काका, मघाशी कर्णा खरा असता तर?"

काका म्हणाले, "पुढे."

* * *

आमच्या शेजारी सावंत वहिनी राहतात. कणकवलीकडच्या. देवघर आमच्या हॉलच्या भिंतीला लागून, त्यामुळे आमचं गाणं आणि त्यांची आरती दोन्हीकडे सारखीच ऐकू येते. एस्तेर मावशी वेंगुर्ल्याची, म्हणून दोघींची मालवणीतून गट्टी. गुरुवारी आमचं संपलं की सावंत वहिनी काहीतरी करून घेऊन येतात आणि दोघी माझ्या किचनमध्ये बसतात.

त्या दिवशी घावणे आणले होते. मावशीची आणि काकांची गोष्ट वहिनींना पाठ होती. खाता खाता त्यांनी विचारलं, "गो एस्तेर, तुमच्यात जन्म एकच मां?"

"एकच."

"परत येणा नाय?"

"नाय."

वहिनींनी घावणा चटणीत बुडवला. "मगे आमचा बरा हा. आमी ह्या जन्मात भांडलंव तर फुडच्या जन्मात तरी बोलाक गावता. तुमका ती सोय नाय. आणि तू नव वर्सां फुकट घालवलंस?"

एस्तेर मावशीला कोणी गप्प केल्याचं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. पाळकांना जमलं नव्हतं. तिनं हातातला घावणा बशीत परत ठेवला. मग म्हणाली, "चाय पी गो. निवता."

* * *

मग आमच्याकडे नवे पाळक आले. तरुण, उत्साही, गिटार वाजवणारे. त्यांना कोणीतरी ही हकिकत सांगितली. म्हणाले, "अहो, सोपं आहे. वचन पेरलं की उगवतं."

लागोपाठ तीन रविवार त्यांनी क्षमेवर संदेश दिला. तिन्ही वेळा आमच्या बाकाकडे बघत. मान दुखली असेल त्यांची. आणि उगवलं बरं का, भरपूर उगवलं. फक्त दुसऱ्यांच्या शेतात. सहा वर्षं न बोलणाऱ्या दोन जावा चर्चच्या दारात गळ्यात पडून रडल्या. हार्मोनियमवाला आणि तबलेवाला एकमेकांना सॉरी म्हणाले. एक गृहस्थ खास माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सुनीताताई, मला माफ करा. तुमचा नाताळचा केक कोरडा असतो असं मी सगळ्यांना सांगत आलोय." मला हे माहीतच नव्हतं! आमचं त्या दिवसापासून बिनसलं.

आणि आमचे हे दोघं? तिसऱ्या रविवारी उपासना सुटल्यावर काका पाळकांना भेटले आणि म्हणाले, "छान बोललात. ज्याला समजायचं त्याला समजलं असेल." पाच मिनिटांनी मावशी भेटली. तिनंही तेच सांगितलं, शब्द न शब्द तोच.

पाळक हरणारे नव्हते. त्यांनी काकांना गळ घातली, की तोंडानं जमत नसेल तर लिहून द्या. दोन ओळी. काका आठवडाभर लिहीत होते. शेवटी एक बंद पाकीट माझ्याकडे दिलं, मी ते मावशीला नेऊन दिलं. तिनं चष्मा लावून माझ्यासमोरच वाचलं.

"एस्तेर वहिनींस सलाम. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. यापुढे योग्य ती काळजी घेतली जाईल. आपला, शमुवेल."

लिफ्ट कंपनीच्या चौतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या प्रकारचं पत्रच लिहिलं नव्हतं. मावशीनं चष्मा काढला. "यापुढे काळजी घेतली जाईल? म्हणजे पुढच्या नवऱ्याच्या वेळी?"

पंधरा दिवसांनी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. गुरुवारी काका आले तर लिफ्टच्या दारावर, चिकटपट्टीनं, त्यांच्याच अक्षरातलं पत्र. वरचं नाव तेवढं दुमडलेलं. गैरसोयीबद्दल दिलगीर. आपला, शमुवेल. वॉचमननं त्यांना विचारलं, "काका, कधी चालू करताय?"

काका सहा मजले चढून आले. दर मजल्यावर थांबत आले, हे मला नंतर कळलं. घामानं शर्ट भिजला होता. मला वाटलं आता स्फोट होणार. पण ते खुर्चीत टेकले, पाणी प्यायले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घटनेवर हसले. म्हणाले, "सुनीता, वहिनींना सांग, चिकटपट्टी सरळ लागलीय."

मावशी समोरच होती. तिनं हसू दाबलं, पण मी बघितलं. आणि तिनं काकांच्या चेहऱ्याकडेही बघितलं, नर्स बघते तसं. मला किचनमध्ये बोलावून म्हणाली, "यांचे ओठ बघ. निळे पडलेत. यांच्या मुलीला फोन करून सांग, उद्याच डॉक्टरकडे न्यायचं म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नको."

* * *

मुलीनं नेलं. तीन नळ्या बंद निघाल्या. कांदिवलीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं, सोमवारी सकाळी बायपास ठरली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, करायला तर हवी, पण खात्री देत नाही.

रविवारी सकाळी मी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "कुठला वॉर्ड?" मी सांगितलं. तिनं फोन ठेवला.

चार वाजता भेटायची वेळ. पाळक आणि मी गेलो. पाळकांनी छोट्या डब्यात भाकरीचे तुकडे आणि बाटलीत द्राक्षरस आणला होता. आजारी माणसाला चर्चला येता येत नाही, तेव्हा पाळक असं त्याच्याकडे नेतात. काका पलंगावर पडले होते, हॉस्पिटलच्या फिक्या कपड्यांत. सहा पलंगांचा वॉर्ड, आजूबाजूला बाकीच्यांचे नातेवाईक.

पाळक म्हणाले, "काका, प्रभुभोजन घेऊ या का?"

"नको. एक बाकी आहे."

"काका, उद्या ऑपरेशन आहे."

"म्हणूनच," काका म्हणाले.

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. बिचारे डबा हातात धरून तसेच बसले.

साडेचारला एस्तेर मावशी आली. पर्स काखेत. काकांकडे बघितलंसुद्धा नाही. आधी सलाईनची बाटली बघितली, मग पायथ्याचा चार्ट वाचला, मग ड्यूटीवरच्या सिस्टरला हाक मारून हाताची पट्टी सोडवून नीट लावून घेतली. त्या पोरीनं विचारलं, "आजी, तुम्ही यांच्या कोण?" मावशी म्हणाली, "पट्टी लाव." एवढं सगळं झाल्यावर ती पलंगाशी आली.

काका म्हणाले, "वहिनी, बसा." मध्ये मी नव्हते. सरळ म्हणाले.

मावशी बसली नाही.

"योहान तयार होता की नाही," काका म्हणाले, "ते मला आजही सांगता येत नाही."

पाळकांनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, झालं, वाट लागली.

"पण ते मी तिथे बोलायला नको होतं. त्याच्या पेटीपुढे, तुमच्यासमोर. मला कोणी विचारलं नव्हतं. तुमचा नवरा गेला होता आणि मी सर्टिफिकेट काढत बसलो. मला माफ करा, वहिनी."

मावशीनं काखेतली पर्स पलंगाच्या कडेला ठेवली. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटचे नातेवाईक आता उघड ऐकत होते.

"आणि अजून एक," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तीन दिवस मी इथे पडून स्वतःला विचारतोय. सगळ्यांना विचारतो तेच. वहिनी, मी तयार नाही. मला भीती वाटते."

अकरा वर्षं या माणसानं आम्हाला दर गुरुवारी तपासलं होतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला तिथे कुठे जागाही नव्हती.

 मावशीनं त्यांच्या डोक्याखालची उशी काढली, दोनदा थोपटली आणि परत नीट सरकवली.

"भावजी, माझो योहान तरी खंय तयार होतो? तेका देवान घेतल्यान ना आत? मगे तुमका काय भायर ठेवतलो?"

मग ती खुर्ची ओढून बसली आणि पाळकांना म्हणाली, "तुम्ही काय बघत बसलात? सुरू करा."